मॅटवर सरळ, ग्रीनवर पुन्हा उजवीकडे: पटिंगचं साधन असूनही पुश का परत येतो?

गोल्फ खेळणाऱ्यांची तक्रार साधारण अशी असते. जुलै-ऑगस्टात कोर्सवर जाणं कमी होतं, ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत, ओले आणि जड, म्हणून घरी पटिंगची, म्हणजे बॉल घरंगळत होलमध्ये घालवायच्या सरावाची, मॅट येते. तिच्याबरोबर एखादं साधनही येतं. दोन्ही बाजूंना पट्ट्या असलेला रूळ, वक्र कमान किंवा खाली ठेवायचा आरसा. गणपती येईपर्यंत मॅटवर जवळजवळ प्रत्येक बॉल आत जायला लागतो. मग ऑक्टोबरात पुण्यात येरवड्याला किंवा लवळ्याच्या टेकड्यांवर राउंड होतो आणि पाच-सहा फुटांचे पट पुन्हा होलच्या उजव्या कडेने निसटतात. हाच तो पुश. कॅडी शेजारून शांतपणे सांगतो, ‘साहेब, लाइन बरोबर होती, बॉल निघालाच उजवीकडे.’ पुढच्या पावसाळ्यात नवं साधन विकत घेतलं जातं आणि हेच चक्र पुन्हा सुरू होतं.

साधन वाईट असतं असं नाही. दुखणं एका जागी आणि पट्टी दुसऱ्या जागी, असा हा प्रकार बहुतेकदा असतो. खाली तपासणी ज्या क्रमाने लिहिली आहे त्याच क्रमाने करा, कारण अलीकडची चूक राहिली तर पलीकडची दुरुस्ती टिकत नाही. दिशा सगळ्या उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत, डावखुऱ्यांनी उलट करून वाचाव्यात.

रूळ काय सांभाळतो आणि काय नाही

बॉल कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी पटरचा (पट मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, कुठे बघतोय यावर ठरतं. पटर कुठल्या वाटेने आला याचा वाटा त्या मानाने बराच लहान असतो. रूळ किंवा कमान मात्र सांभाळते ती वाट. पट्ट्यांना अजिबात न घासता पटर मागे-पुढे नेऊनही फेस दोन अंश उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहू शकतो, आणि रुळाला त्याचा पत्ताही लागत नाही.

दोन अंश म्हणजे किती ते बघा. होलचा व्यास ४.२५ इंच, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत सव्वादोन इंचांहून थोडं कमी. फेस एक अंश चुकला तर १० फुटांवर बॉल सुमारे २.१ इंच बाजूला जातो, म्हणजे थेट कडेवर. पाच फुटांवर तेवढंच अंतर दोन अंशांत पडतं. ज्याचा फेस नेहमी दोन अंश उघडा असतो त्याचे पाच फुटी पट कधी कडेवरून आत पडतात, कधी फिरून बाहेर येतात, आणि खेळणारा म्हणतो, ‘आज नशीब नव्हतं.’

मग मॅटवर ते आत कसे जातात? कारण मॅटवर निम्मं काम आधीच झालेलं असतं. मधोमध छापलेली रेघ असते, दोन्ही कडा समांतर असतात, पायांची जागा रोज तीच. नेम तुम्हाला फुकट मिळतो. एकच पट पुन्हा पुन्हा मारल्याने शरीर त्या एका पटापुरती हातांची जुळवाजुळवही शिकून घेतं. ग्रीनवर रेघ नसते. तिथे नेम स्वतःचा लावावा लागतो आणि नेमकी तीच गोष्ट दोन-तीन महिन्यांत एकदाही केलेली नसते.

पहिली तपासणी: नेम

मॅट गुंडाळून ठेवा. फरशीवर सहा फुटांवर एक नाणं ठेवा आणि सांध्याच्या रेषेत अजिबात येणार नाही अशा तिरक्या दिशेने उभे राहा. व्हिट्रिफाइड टाइल्सचे सांधे म्हणजे आयती आखलेली रेघ, ती इथे नको आहे. बॉल ठेवा, नाण्यावर नेम धरा आणि पुतळ्यासारखे थांबा. आता घरातल्या कुणाला तरी बॉल उचलून सुताराचा गुण्या फेसला लावायला सांगा. गुण्याची एक बाजू फेसला चिकटलेली, दुसरी पुढे. पुढच्या बाजूच्या रेषेत दोरी ताणली की पटर खरोखर कुठे बघतोय ते दिसतं. पुण्याच्या बोहरी आळीत गुण्या, दोरी आणि ओळंबा हे सगळं एकाच फेरीत मिळतं, आणि एवढ्या सामानाला गोल्फच्या दुकानातल्या बहुतेक साधनांपेक्षा कमी पैसे पडतात.

इथे तीनपैकी एक गोष्ट निघते. दोरी नाण्याच्या उजवीकडे गेली तर चूक नेमातच आहे, स्ट्रोकला हात लावू नका. दोरी नाण्यावर गेली तर नेम ठीक, पुढच्या तपासणीकडे वळा. आणि दोरी डावीकडे गेली तर तिसरी, सगळ्यात फसवी शक्यता समोर येते. नेम डावीकडे असल्याचं डोक्याला आतून कुठेतरी कळलेलं असतं, म्हणून हात आयत्या वेळी फेस उघडून बॉल उजवीकडे ढकलतात. कधी ही दुरुस्ती बरोबर बसते, कधी जास्त होते. अशा माणसाला सरळ रूळ दिला की तो रूळ त्या दुरुस्तीशीच भांडतो. घरी रुळाची सरशी होते, ग्रीनवर जुनी सवय जिंकते. दरवर्षी परत येणारा पुश बऱ्याचदा याच जातीचा असतो असं माझं मत आहे.

नेम चुकण्याचं एक मोठं कारण डोळ्यांची जागा. ओळंब्याची दोरी नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधे धरा आणि लंबक खाली सोडा. तो बॉलवर किंवा बॉलच्या थोडा अलीकडे, तुमच्या पायांच्या बाजूला यावा. बॉलच्या पलीकडे गेला तर बहुतेकांना रेषा डावीकडे वळलेली भासते, फार अलीकडे आला तर उजवीकडे. प्रत्येकाची नजर वेगळी, त्यामुळे हा नियम न मानता गुण्याने पुन्हा मोजा. लंबक दोन-तीन इंच अलीकडे पडत असेल तर पटर उंचीच्या मानाने लांब असू शकतो. दुकानात तयार मिळणारे बरेचसे पटर ३४ किंवा ३५ इंचांचे असतात. नवा घेण्याआधी ग्रिप इंचभर खाली धरून बघा, त्याला काही खर्च नाही.

आरशाच्या साधनाचं खरं काम हेच, डोळे आणि खांदे दाखवणं. आरसा समोर ठेवून शंभर पट मारण्यात काही हशील नाही. उभं राहिल्यावर एकदा बघायचं आणि बाजूला सारायचा.

दुसरी तपासणी: बॉल निघतो कुठे

यासाठी मीटरभर लांबीची स्टीलची पट्टी घ्या, साधारण इंचभर रुंद. तिच्या टोकाला अडकवण्यासाठी भोक असतं, त्यावर बॉल ठेवला की घरंगळत नाही. आता पट्टीच्या लांबीभर बॉल घालवायचा, मधेच खाली पडू द्यायचा नाही. पट्टीच्या मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम १२-१३ मिलिमीटर, त्यामुळे शेवटापर्यंत टिकलेला बॉल पाऊण अंशाच्या आत निघालेला असतो. ही परीक्षा चांगलीच कडक आहे. बॉल पडला तर कुठल्या बाजूला पडतो ते लिहून ठेवा. एकाच बाजूला पडत असेल तर दोष ठरलेला आहे आणि शोधता येतो. दोन्हीकडे पडत असेल तर दिशेचा विचार सोडा, आधी बॉल फेसच्या मधोमध लागतोय का ते पाहा.

ते पाहायला फेसवर टाल्कम पावडरचा हात फिरवा. बॉलचा ठसा टोच्या, म्हणजे पायांपासून लांबच्या टोकाच्या, बाजूला उमटत असेल तर आघाताने फेस उघडतो, बॉल उजवीकडे जातो आणि कमीही पडतो. उजवीकडे आणि कमी, ही जोडी एकत्र दिसली की आधी ठसा तपासा. फेसचा खरा मध्य आणि पटरवर कोरलेली रेघ एकच असतील याचीही खात्री नसते. पटर दोन बोटांत सैल लटकवून नाण्याने फेसवर टिचक्या मारत जा. जिथे टिचकी मारल्यावर तो वळत नाही, सरळ मागे जातो, तो मध्य. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड रबर बँड चढवा, मधे बॉलएवढी जागा सोडून. चुकीच्या जागी लागलेला बॉल मग स्वतःच मेलेल्यासारखा निघतो, वेगळं साधन लागत नाही.

ठसा मधोमध आणि बॉल तरीही उजवीकडे असेल तर बॉलची जागा बघा. बॉल उजव्या पायाकडे सरकलेला असला की फेस रेषेला काटकोनात यायच्या आधीच आघात होतो. तो दोन पायांच्या मध्यापासून थोडा डाव्या पायाकडे असायला हवा. मॅटवर बॉल ठरलेल्या खुणेवर असतो, ग्रीनवर नकळत मागे जातो, विशेषतः उतारावर.

साधन आणि पटर यांचं जमतं का?

पटरची दांडी उभी सरळ नसते. नियमानुसारच ती उभ्या रेषेपासून किमान १० अंश कललेली असावी लागते, प्रत्यक्षात बहुतेक पटर २० अंशांच्या आसपास कललेले असतात. कललेल्या दांडीने मारलेला स्ट्रोक थोडा वक्र होणारच. मागे जाताना पटर किंचित आत येतो, पुढे जाताना पुन्हा आत.

पटर एका बोटावर आडवा तोला. फेस आभाळाकडे बघत राहिला तर तो सरळ स्ट्रोकशी बऱ्यापैकी जमवून घेतो. टो खाली लोंबला तर त्याला वळायला आवडतं. लोंबणाऱ्या टोचा पटर सरळ रुळात कोंबला की माणूस मनगटं ताठ करून फेस धरून ठेवायला शिकतो. रूळ काढला की ताठरपणा राहतो, आधार जातो, आणि फेस उघडाच आघातापर्यंत पोचतो. अशा पटरला वक्र कमान बरी, नाहीतर फक्त पुढे दोन टी (बॉल ठेवायच्या खुंट्या) रोवून केलेलं फाटक.

फाटकाचं माप सांगतो, कारण ते बहुतेकजण फार रुंद ठेवतात. बॉलचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर. बॉलपासून ३० सेंटिमीटर पुढे, एकमेकांपासून पाच सेंटिमीटर मोकळी जागा सोडून दोन टी लावल्या तर दोन्हीकडे मिळून फक्त सात मिलिमीटर उरतात, म्हणजे मध्यापासून साधारण पाऊण अंश. सुरुवातीला हे जाचक वाटेल. सहा सेंटिमीटरपासून सुरू करा, पण तिथे मुक्काम करू नका.

साधन स्वतःच तिरकं असेल तर

ही गोष्ट फार कमी लोक तपासतात. फूटभर लांबीच्या साधनाचं एक टोक पाच मिलिमीटर सरकलं की एक अंश गेला, आणि एक अंशाची किंमत वर पाहिलीच. नुसत्या नजरेने ठेवलेलं साधन एवढं सहज चुकतं. होलच्या मध्यापासून बॉलपर्यंत दोरी ताणा, साधन दोरीला लावा, मग दोरी काढा. दोरी ठेवूनच सराव करायचा असेल तर दोन्ही टोकांना लोकरीच्या सुया रोवून ती बॉलच्या वर काही इंच तरंगती ठेवा.

घरच्या फरशीलाही उतार असतो, बाल्कनीकडे आणि बाथरूमकडे तर मुद्दाम दिलेला. इलेक्ट्रिकच्या वायरिंगला लागणारी केसिंगची पट्टी हातभर घ्या, एक टोक पुस्तकावर टेकवून बॉल तिच्यातून सोडा. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. तुमचा हात नसतानाही बॉल एका बाजूला वळला तर मॅट तुम्हाला रोज खोटा पट शिकवत होती. दुसरी खोली शोधा. नव्या गुंडाळीतून काढलेली मॅटही काही दिवस लाटांसारखी उठते, तिच्यावर जड पाट ठेवून सपाट होऊ द्यावी.

वेग: ऑक्टोबरचं आणखी एक कारण

ग्रीनचा वेग मोजायला स्टिम्पमीटर वापरतात. एडवर्ड स्टिम्पसन या अमेरिकन गोल्फरने १९३५ मध्ये त्याची कल्पना काढली, तेव्हा ते लाकडी होतं. आता ३६ इंच लांबीची अॅल्युमिनियमची खाचेची पट्टी असते, ती हळूहळू उचलायची, बॉल आपोआप सुटतो आणि सपाट ग्रीनवर किती फूट गेला ते मोजायचं. वरची केसिंगची पट्टी म्हणजे याचंच घरगुती भावंड. ती नेहमी त्याच पुस्तकावर टेकवून मॅटवर आणि क्लबच्या सरावाच्या ग्रीनवर बॉल सोडा आणि पावलांनी मोजा. पातळ मॅट टाइल्सवर अंथरली की ती बहुधा पावसाळ्यानंतरच्या ग्रीनपेक्षा बरीच वेगवान निघते. बॉल मॅटवरून बाहेर जात असेल तर पट्टी कमी उचला, दोन्हीकडे सारखीच.

आपल्या हवेत ग्रीनवर सर्रास बर्मुडा जातीचं गवत लावतात. ते आपल्या हरळीच्याच कुळातलं, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो त्याच घराण्याचं. फक्त ग्रीनवरचं संकरित, बारीक पात्याचं आणि काही मिलिमीटरवर कापलेलं. हे गवत आडवं पसरतं, पाती एका दिशेला झुकतात. पावसाचं पाणी पिऊन ते दाट झालेलं असतं, त्यात झुकलेल्या पात्यांविरुद्ध पट आला तर बॉल अडखळतो.

आता मॅटवर शिकलेला स्ट्रोक बघा. वेगवान पृष्ठभागावर सहा फुटांना छोटासा स्ट्रोक पुरतो आणि तो रुळाच्या लांबीत मावतो. ग्रीनवर तेवढ्याच अंतराला लांब स्ट्रोक हवा, म्हणजे रुळाने कधीही न सांभाळलेल्या पल्ल्यात पटर न्यायचा. बरेच जण तो लांब करतच नाहीत. छोट्याच स्ट्रोकला आयत्या वेळी उजव्या हाताचा धक्का देतात, आणि त्या धक्क्यात फेस कुठे जाईल ते देवाला ठाऊक. उपाय साधा आहे. मॅटवर जाड सतरंजी किंवा टॉवेल घालून ती मुद्दाम हळू करा, आणि रूळ पुरत नसेल तर नुसत्या फाटकावर या, फाटकाला स्ट्रोकच्या लांबीशी देणंघेणं नसतं. शेवटी चढ देऊन बॉल परत पाठवणारी मॅट असेल तर तो चढ काढून टाका. त्यावर चढवण्याच्या नादात प्रत्येक पट जोरात मारायची सवय लागते.

धक्का मोडायला लय उपयोगी पडते. चांगलं पटिंग करणाऱ्यांच्या स्ट्रोकमध्ये मागे जायला लागणारा वेळ पुढे आघातापर्यंत येण्याच्या साधारण दुप्पट असतो. मेट्रोनोम आहेच, पण मला तबल्याचं अॅप बरं वाटतं. दादरा लावा: धा धी ना धा ती ना. पहिल्या ‘धा’वर पटर मागे निघतो, ‘ना’वर परत फिरतो, दुसऱ्या ‘धा’वर बॉलला लागतो. लय मिनिटाला २०० मात्रांच्या जवळपास. पट लांब असो वा आखूड, लय तीच, फक्त स्ट्रोकची लांबी बदलायची.

साधन सोडायचं कसं

सतत आधार देत राहिलं की सरावात कामगिरी सुधारते आणि आधार काढल्यावर घसरते, हे हालचाली शिकण्याच्या अभ्यासात फार पूर्वी नोंदलं गेलं आहे. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर यांचा १९८४ चा आढावा त्यातला गाजलेला. त्याआधी १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन यांनी दाखवलं होतं की एकच कृती सलग घोकण्यापेक्षा कृती बदलत केलेला सराव त्या वेळी वाईट दिसतो, पण नंतर जास्त टिकतो. मॅटवरचा सराव नेमका याच्या उलट असतो. तोच पट, तोच आधार, रोज.

म्हणून साधनावर चार-पाच बॉल, मग साधन उचलून तेवढेच बॉल साधनाशिवाय, असं आलटूनपालटून करा. दोन आठवड्यांत साधनाशिवायचा वाटा वाढवत न्या. साधनाशिवायच्या प्रत्येक पटाला अंतर आणि दिशा बदला, मागे उभं राहून रेषा बघा, पाय नव्याने लावा. बॉल निघाल्यावर लगेच होलकडे न बघता आधी मनात ठरवा, ‘हा उजवीकडे निघाला’ किंवा ‘सरळ’, आणि मग मान वर करा. हा अंदाज बरोबर यायला लागला की साधनाची गरज संपत आलेली असते. आठवड्यातून एकदा स्टीलच्या पट्टीवर परीक्षा घ्यावी, रोज नको.

पुढे-मागे बोटं आपोआप झटका देत असतील, अगदी फूटभराच्या पटालाही, तर ते वेगळं प्रकरण आहे. त्याला यिप्स म्हणतात आणि रुळाने ते बहुधा वाढतं, कारण लक्ष हातांवर आणखी खिळतं. बर्नहार्ड लँगरसारख्या खेळाडूलाही त्याने वर्षानुवर्षं छळलं आणि त्याने वेळोवेळी पकड बदलून वाट काढली. तिथे पकड बदला, डावा हात खाली घेऊन बघा, प्रशिक्षकाला दाखवा. एक लक्षात असू द्या, लांब पटरचं टोक छातीला किंवा पोटाला टेकवून मारायला १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे.

कोर्सवर नेताना

क्लबच्या सरावाच्या ग्रीनवर टी रोवण्याआधी किंवा खडूची रेघ मारण्याआधी माळीदादांना विचारा. टीऐवजी दोन नाणी चालतात. राउंड सुरू झाल्यावर मात्र गोल्फचा नियम ४.३ लागू होतो. दिशादर्शक काठी, रूळ किंवा असं कुठलंही सरावाचं साधन वापरलं तर पहिल्यांदा सर्वसाधारण दंड, म्हणजे स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तेव्हा) दोन स्ट्रोक आणि मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत ठरते तेव्हा) होल गमावणं, आणि दुसऱ्यांदा वापरलं तर स्पर्धेतून बाद. नुसतं बॅगेत असायला हरकत नाही. बॉलवर स्वतः आखलेली रेघ मात्र चालते. बॉलमागे खुणेचं नाणं (मार्कर) ठेवून बॉल उचला, रेघ लाइनीत लावून परत ठेवा. घरी गुण्याने नेम तपासताना हीच रेघ असलेला बॉल वापरा, म्हणजे ग्रीनवर डोळ्यांना तीच खूण मिळेल.